कार्व्हर जिथे शिकले



‘एक होता कार्व्हर’ वाचलेलं नाही असा माणूस या सभागृहात शोधावा लागेल. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक १९८१ साली आलं आणि घराघरांत पोचलं. ते वाचताना आपण टस्कीगीच्या त्या उजाड रानात रमतो, भुईमुगात रमतो; आणि ज्या विद्यापीठानं त्या माणसाला कृषिशास्त्रज्ञ केलं, ते मागे राहून जातं. आज मी त्या विद्यापीठाबद्दल बोलणार आहे. राज्य आयोवा, गाव एम्स. आजचं नाव आयोवा स्टेट युनिव्हर्सिटी.

आयोवाच्या विधिमंडळानं १८५८ साली शेतकी कॉलेज काढायचं ठरवलं, तेव्हा हाती पैसा नव्हता. शेतघर तेवढं उभं राहिलं. १८६२च्या जुलैत, यादवी युद्ध पेटलेलं असताना, लिंकननी मॉरिल कायद्यावर सही केली. काँग्रेसमधल्या प्रत्येक सदस्यामागे राज्याला ३०,००० एकर सरकारी जमीन मिळणार आणि तिच्या उत्पन्नातून शेती नि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं चालणार, अशी ही योजना. तिच्या अटी सगळ्यांत आधी आयोवानं मान्य केल्या. ही जमीन मुळात तिथल्या आदिवासींकडून काढून घेतलेली होती, हेही इथे सांगितलंच पाहिजे. १८६९ साली कॉलेज रीतसर सुरू झालं ते मुलामुलींसाठी एकत्रच. पुढे अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मताधिकाराचा लढा शेवटाला नेणाऱ्या कॅरी चॅपमन कॅट इथल्याच. १८८०च्या पदवीधरांत त्या एकट्या स्त्री होत्या.

कार्व्हर इथे आले १८९१ साली. त्याआधी ते सिम्पसन कॉलेजात चित्रकला शिकत होते. तिथल्या शिक्षिका एटा बड यांना त्यांचा झाडापेडांचा लळा दिसला. त्यांचे वडील एम्सला फळबागशास्त्राचे प्राध्यापक होते. एटा यांनी कार्व्हरना तिकडे धाडलं. कॉलेजातला हा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. त्याला इतरांबरोबर जेवणघरात बसू दिलं नाही, तळघरात शेतगड्यांबरोबर जेवायला लावलं. थोर संस्थांच्या इतिहासातून अशी पानं फाडू नयेत. पण त्याच संस्थेत लुई पॅमेल नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी या विद्यार्थ्याची नजर ओळखली. पानावरचा ठिपका, देठावरची बुरशी कार्व्हरना चटकन दिसे. १८९४ साली पदवी मिळताच पॅमेलनी त्यांना साहाय्यक म्हणून ठेवून घेतलं, काचगृह त्यांच्या हवाली केलं. १८९६ साली एम.एस. झाले आणि टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते तिकडे गेले.

एम्सच्या त्या वर्षांत एका प्राध्यापकांचा लहानगा मुलगा कार्व्हरचं बोट धरून रानात हिंडायचा. हा हेन्री वॉलेस. पुढे तो मक्याचं संकरित बियाणं विकणारी कंपनी काढणारा उद्योजक झाला, रूझवेल्टचा कृषिमंत्री झाला, १९४१ ते १९४५ अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला. मक्याच्या वाणांची तुलना करताना त्याला आकडेमोडीचं वेड लागलं. गणिताचे प्राध्यापक जॉर्ज स्नेडेकर यांच्याबरोबर त्यानं १९२५ साली सहसंबंध आणि यंत्रावरची गणितं यांवर एक पुस्तिका लिहिली. १९३३ साली स्नेडेकरांच्या हाताखाली तिथे संख्याशास्त्रीय प्रयोगशाळा उभी राहिली. मका पिकवणाऱ्यांच्या प्रश्नातून एक शास्त्र रुजलं ते असं.

याच आवारात गणित आणि भौतिकीचे प्राध्यापक होते जॉन अ‍ॅटनासॉफ. एकसामयिक समीकरणांच्या लांबलचक आकडेमोडीनं ते आणि त्यांचे विद्यार्थी जेरीला आले होते. १९३७-३८च्या हिवाळ्यात एका रात्री ते मोटार घेऊन निघाले, मैलोगणती चालवत इलिनॉयमधल्या एका रस्त्याकाठच्या हॉटेलात जाऊन बसले, आणि तिथे त्यांना वाट सुचली: द्विमान पद्धती, इलेक्ट्रॉनिक नळ्या, आणि साठवलेला आकडा विरून जाऊ नये म्हणून तो पुन्हापुन्हा भरत राहणारी स्मृती. क्लिफर्ड बेरी या विद्यार्थ्याला हाताशी धरून भौतिकी विभागाच्या तळघरात त्यांनी यंत्र उभं केलं. २९ समीकरणं सोडवण्यासाठी त्याची रचना होती. मग महायुद्ध आलं, दोघेही पांगले, पेटंटचा अर्ज शेवटास गेला नाही, आणि १९४८ साली यंत्रच मोडून टाकलं. १९७३ साली अमेरिकी न्यायालयानं एनिअ‍ॅक या नंतरच्या संगणकाचं पेटंट रद्द केलं आणि मूळ कल्पना अ‍ॅटनासॉफ यांच्याकडून आल्याचा निर्वाळा दिला. कॉलेजनं वेळीच किंमत ओळखली असती तर हा वाद कोर्टात गेलाच नसता, असं माझं मत आहे.

मोठी नावं आधी आणि संस्था मागाहून, असं इथे घडलं नाही. शेतकऱ्याशी नातं कायद्यानं बांधलेलं होतं. १९०४ साली प्राध्यापक पेरी होल्डन रेल्वेच्या डब्यांतून मक्याच्या बियाण्याची व्याख्यानं देत स्टेशनोस्टेशनी फिरले. दोन वर्षांनी टस्कीगीत कार्व्हरची फिरती शेतशाळा घोडागाडीवर निघाली.

आपल्याकडची कृषी विद्यापीठं याच वळणावर घडली. पंतनगरला १९६० साली पहिलं. महाराष्ट्रात १९६८ साली राहुरीचं, मग अकोला, परभणी, दापोली. आपल्यापैकी कितीजण तिथल्या प्रक्षेत्रावर पाऊल ठेवून आले आहेत? अकोल्याचं विद्यापीठ शिवारफेरी भरवतं, ती सर्वांना खुली असते. कार्व्हरचं पुस्तक मुलांच्या हाती देणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: यंदा मुलांना घेऊन आपल्या भागातल्या कृषी विद्यापीठाच्या शेतावर एक दिवस जा, आणि तिथल्या शास्त्रज्ञांना प्रश्न विचारा.