पायी वारीची माझी तयारी
(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



मी भाषण करणारी बाई नव्हे. शाळा सातवीपर्यंत झाली, त्यानंतर चार माणसांपुढे बोलायला उभी राहिले ती आजच. येत्या ज्येष्ठात मी आळंदीहून पंढरपूरला पायी जाणार आहे, हे कळल्यावर चिटणीसबाई म्हणाल्या, "तयारी कशी चालली आहे, तेवढे सांगा." वारी अजून घडायची आहे, तेव्हा तिचे वर्णन मजकडून मागू नका.

अंतर सुमारे २५० किलोमीटर. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते, ती आषाढी एकादशीच्या आधी पंढरपुरात पोहोचते. आणि मी कोण? तर आपल्या वाईच्या मंडईत जाऊन आले की ओट्यावर पाय पसरून बसणारी!

शिवरात्रीनंतर पहाटे मेणवलीपर्यंत जाऊन यायला सुरुवात केली. हौसेने नवे बूट घेतले होते. तिसऱ्या दिवशी दोन्ही टाचांना हे एवढाले फोड. मी सुई तापवून बसले, तर डॉक्टरीणबाई रागावल्या. फोडाचे कातडे सोलायचे नाही, जागा स्वच्छ ठेवायची, असे त्यांनी बजावले. आठ दिवस घरात बसले. आता वापरून मऊ झालेल्या चपलाच घालते, आत सुती मोजे. बूट धाकट्याला दिले.

साडीचेही तसेच. काठ दवाने भिजतो आणि पोटऱ्यांना कापतो. मांड्या घासतात, ते तर कोणी सांगतच नाही. मी साडी वीतभर वर नेसते, आत गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी घालते आणि निघण्यापूर्वी खोबरेल लावते. हसू नका, धोमला जाऊन परत आल्यावर हसलात तर मानीन.

मला धास्ती आहे दिवे घाटाची. पुण्याहून सासवडचा टप्पा तीस किलोमीटरांच्या वर, त्यात तो चढ, आणि त्या दिवशी बहुधा एकादशी असते. म्हणून मी मागच्या एकादशीला मुद्दाम उपाशीपोटी पसरणीचा घाट चढू लागले. एका वळणावर डोळ्यांपुढे अंधारी आली. कठड्याला टेकून बसले, पाणी प्यायले, आणि पांडुरंगाची क्षमा मागून दाण्याचा लाडू खाल्ला. लाडू उपवासाचाच होता, पण पोट रिकामे ठेवण्याचा हट्ट मी तिथेच सोडला. आता पिशवीत लाडू आणि मीठ-साखर-लिंबाचे पाणी असल्याशिवाय बाहेर पडत नाही.

आपण सगळ्या बायकाच आहोत म्हणून आणखी एक. (संपादिकाबाई, हे छापताना गाळू नका.) वाटेत अडचण आली तर काय, हा प्रश्न मला पंधरा दिवस कुरतडत होता. आमच्या दिंडीतल्या एका वयस्क माउलींना धीर करून विचारले. त्या म्हणाल्या, "पाय चालतात ना? मग चालायचं." पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका, असे डॉक्टरीणबाईंनीही सांगितले. कापडाच्या घड्या शिवून ठेवल्या आहेत. हल्ली मुक्कामाच्या गावी फिरती शौचालये असतात, तरी विजेरी जवळ हवीच.

दिंडीची भिशी मी भरली ती पापड-कुरडयांच्या पैशांतून. जड सामान दिंडीच्या ट्रकमध्ये जाते. दिंडीचा क्रमांक, आणि ती रथापुढची की रथामागची, हे कापडावर लिहून पिशवीला आतून टाचले आहे. चुकामूक झाली तर तेवढ्यावर माणूस आपल्या जागी पोहोचते.

ही झाली पायांची तयारी. घराची तयारी ह्याहून अवघड निघाली. "गर्दीत हरवलीस तर?" असे ह्यांनी विचारले. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, त्यांनी सरळच विचारले, "मला सकाळची पेज कोण देणार?" त्यांचे काही चुकले नाही. तेवीस वर्षे मीच देते आहे. वन्सं पहिले आठ दिवस येतो म्हणाल्या, पुढचे मुलांवर. म्हणून एका रविवारी मी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही असे ठरवून अंगणात बसले. आतून भांडी पडल्याचा आवाज आला, तरी उठले नाही. थोरल्याने पेज केली, गुठळ्या झाल्या होत्या. सासूबाईंनी ती चमच्याने फोडून खाल्ली आणि आपल्या गोळ्या आपणच मोजून घेतल्या. ह्यांनी कूकर लावला. संध्याकाळी सगळे जेवले, ओटा पुसला, कोणी मला हाक मारली नाही.

रात्री अंथरुणावर मला रडू आले. मीच तर हे घडवून आणले होते! माझ्यावाचून अडत नाही, ह्याचे बरे वाटावे की वाईट, ते अजून ठरत नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "येताना बुक्का आण. आणि पेज त्याला शिकव नीट, तुझ्यासारखी." रोज सकाळी आता तो ढवळतो आणि मी शेजारी उभी राहते. हात पुढे जातो, तो मागे घेते.

अजून दोन महिने आहेत. पावसाची खोळ घ्यायची आहे, आणि दिवे घाटाआधी पसरणीचा घाट दोनदा तरी चढून व्हायला हवा. उद्या पहाटे पाच वाजता मी धोमच्या रस्त्याला लागेन. कोणाला सोबत यायचे असेल तर ढोल्या गणपतीपाशी थांबा, मात्र चपला जुन्या घालून या.