सामाईक भिंत
(आपल्या मंडळात झालेल्या भाषणावरून)



आपल्या इंदूरात राजवाड्याच्या आसपासचे रस्ते रुंद होऊ लागले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या ओटल्यांवरही लाल खुणा आल्या. विरोध करणाऱ्यांत मी पुढे होतो. समोरच्या काकूंनी विचारलं, "तुझ्या बाबांना दवाखान्यात नेताना अ‍ॅम्ब्युलन्स आत शिरली होती का रे?" मी गप्प झालो. चौघांनी त्यांना खाटेवरून चौकापर्यंत नेलं होतं. १९८४च्या आगीत राजवाड्याचा मागचा भाग जळाला, तेही आपण विसरलेलो नाही. रस्ता हवाच.

पण आपली जुनी घरं एकेकटी उभी नाहीत. दोन घरांत एकच भिंत, दोघांच्या तुळया तिच्यावर टेकलेल्या. एक घर घाईनं पाडलं की शेजारच्याला तडे जातात. उघड्या पडलेल्या मातीच्या भिंतीत पावसाचं पाणी मुरतं. आमच्या गल्लीत हेच झालं. ज्याचं नुकसान झालं, त्याचं घर तर रेषेत नव्हतंच!

म्हणून मागणं एवढंच: पाडण्याआधी सामाईक भिंत तपासा, टेकू द्या, पावसाळा टाळा. आणि आपणही फोटो, मोजमापं, नकाशा करून ठेवू या. कोरीव खांब भंगारात देऊ नका. राजवाड्याचा जळालेला भाग पुन्हा उभा राहिला. आपली घरं कोणी उभी करून देणार नाही.

काकूंशी माझं अजूनही पूर्ण जमलेलं नाही. पण आमच्यातली भिंत सामाईक आहे, हे दोघांनाही पटलं आहे.

गणपती बाप्पा मोरया!