लिंकनचा हेतू आणि भट्टीची वही

(वांगणी येथील युवा शिबिरात केलेले भाषण)

 

सकाळी चर्चेत एकानं विचारलं, ‘लिंकननं गुलामांना सोडवलं ते माणुसकीपोटी की युद्ध जिंकायला?’ सगळे हसले, जणू उत्तर ठरलेलंच होतं. प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट १८६२ मध्ये लिंकननं एका संपादकाला जाहीर उत्तर लिहिलं. आशय असा, की माझं पहिलं काम देश एकसंध ठेवणं. एकही गुलाम न सोडता ते साधलं तरी चालेल. १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामाही बंडखोर भागापुरताच होता. त्याच्या बाजूला राहिलेल्या गुलामी राज्यांना त्यातून वगळलं होतं.

पण त्याला तिथवर कुणी आणलं? १८३८ मध्ये गुलामीतून पळालेला फ्रेडरिक डग्लस पुढची वीस-पंचवीस वर्षं भाषणं देत, वर्तमानपत्र चालवत होता. हजारो गुलाम तर कुणाच्या जाहीरनाम्याची वाट न पाहता मळे सोडून उत्तरेच्या फौजेकडे चालत गेले. त्यांच्या हेतूबद्दल कुणी विचारत नाही.

याच युद्धात मुंबईही श्रीमंत झाली. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आपल्या कापसाचे भाव चढले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि मुंबईत भल्याभल्यांचं दिवाळं वाजलं. पुण्यातल्या जोतिराव फुल्यांनी त्याच युद्धात वेगळं काही पाहिलं. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या, गुलामी संपवण्यासाठी निरपेक्षपणे झटलेल्या लोकांना. लिंकनच्या नावानं नाही.

आता माझं सांगतो. एका नातेवाइकाची वीटभट्टी आहे. चार वर्षांपूर्वी त्यांनी वही संगणकावर आणायला सांगितली, आणि मी हौसेनं एका रविवारी प्रोग्राम लिहून दिला. उचल, दर आठवड्याची खावटी, हजारामागे विटांची मजुरी. आकडे भरले. हंगामाच्या शेवटी बहुतेक कुटुंबांची बाकी शून्यावर येईना. मी दोन रात्री कोड तपासला. कोडमध्ये चूक नव्हती.

ती माणसं याच जव्हार-मोखाड्यातली. दिवाळीनंतर घर बंद करून निघतात, पावसाआधी परततात, आणि राहिलेल्या बाकीपोटी पुढच्या दिवाळीनंतर त्याच भट्टीवर. आपल्या या जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघं सावकाराकडे राबत; त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेबरोबर वारली उठले आणि ती वेठ मोडली. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी गुन्हा ठरवली, तिच्यामागचं कर्जही रद्द केलं. माझ्या प्रोग्राममध्ये ते ‘मागील बाकी’ या नावानं जिवंत होतं.

मी नातेवाइकांशी बोललो. ते म्हणाले, ‘तू इंजिनिअर, तुला धंदा काय कळतो?’ ईदला अजून नीट बोलत नाहीत. मी इथं येतो ते माणुसकीपोटी की मनातली बोच घालवायला, ते मलाही नक्की ठाऊक नाही. तुमच्यातल्याही काही घरांत अशा वह्या असतील.

लॅपटॉप आणलाय. जेवणानंतर गावातली भट्टीवर जाणारी पाच-सहा कुटुंबं इथंच येणार आहेत, त्यांचा हिशोब मांडायला बसू. खावटीचे आकडे बायकांना जास्त पाठ असतात, त्यांना आधी विचारा.