जट देवीची की घर्षणाची?

आज आपण केसांबद्दल बोलणार आहोत. मेंदी किंवा शाम्पूबद्दल नाही, तर केसाच्या खरखरीतपणाबद्दल. तो मोजणारं एक यंत्र आहे, आणि त्या यंत्राला जे दिसलं ते आपल्याकडच्या एका जुन्या भीतीशी जोडलेलं आहे. ती भीती म्हणजे जट.

आधी एक करून बघा. आपला एक लांब केस चिमटीत धरा आणि मुळाकडून शेंड्याकडे बोटं ओढा. मग उलट, शेंड्याकडून मुळाकडे ओढा. उलट जाताना बोट जरासं अडतं. केस तोच, बोटं तीच, मग फरक कशामुळे?

केसाच्या अंगावर बारीक खवले असतात. घरावर कौलं बसवतात तसे ते एकावर एक चढलेले असतात, आणि सगळ्यांची तोंडं शेंड्याकडे असतात. कौलांवर वरून खाली काठी फिरवली तर ती सरळ घसरते. खालून वर नेली तर प्रत्येक कौलाच्या कडेला अडते. केसाचं तसंच आहे. फक्त एका खवल्याची जाडी इतकी कमी, की मिलिमीटरचे दोन हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढी. ती डोळ्यांना दिसणार नाही.

पण जे दिसत नाही ते चाचपता येतं. १९८६ साली बिनिग, क्वेट आणि गर्बर या तीन शास्त्रज्ञांनी अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप नावाचं यंत्र तयार केलं. यात काच लावून बघणं नाही. एका बारीक, लवचीक पट्टीच्या टोकाला सुई असते. सुईचं टोक इतकं बारीक, की केसाच्या जाडीत अशी दोन-तीन हजार टोकं शेजारी शेजारी मावतील. ही सुई वस्तूवरून हलकेच फिरवतात. उंचवटा आला की पट्टी वर उचलली जाते, खड्डा आला की खाली जाते. आणि सुई कुठे अडली की पट्टी पिळवटते. पट्टीच्या पाठीवर लेसरचा किरण सोडलेला असतो. पट्टी जराही हलली, की परत फिरलेला किरण आपली जागा सोडतो. किती सोडली, त्यावरून घर्षण मोजतात. ज्वारीच्या एका दाण्याचे काही लाख तुकडे केले तर एका तुकड्याचं जे वजन भरेल, तेवढा जोरही यात कळतो.

घर्षण मोजण्याचं हे काम १९८७ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा झालं. पेन्सिलीत जे ग्रॅफाइट असतं, त्यावरून सुई ओढली. गजांच्या खिडकीवरून काठी फिरवावी तशी ती अडत, सुटत, अडत, सुटत गेली. तिला अडवणारे गज म्हणजे अणूंच्या रांगा होत्या. असं यंत्र आज आपल्या मुंबईच्या आयआयटीतही आहे.

पुढे अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ भरत भूषण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच सुई माणसाच्या केसावर फिरवली. चिमटीत जे जाणवतं तेच तिथे आकड्यांत उतरलं. खवल्यांच्या दिशेने घर्षण कमी, उलट दिशेने जास्त.

आता जटेकडे येऊ. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला तर तो आवळून जाड होतो. कारण लोकरीलाही खवले असतात. एकेक धागा एका बाजूला सरकतो, पण खवल्यांमुळे मागे येत नाही. गुंता घट्टच होत जातो. डोक्यावरही हेच घडतं. केस विंचरले गेले नाहीत, गळलेले केस आतच राहिले, त्यात घाम, तेल आणि धूळ बसली, की एक केस दुसऱ्यात रुततो. आजारपणात, बाळंतपणात, ऊसतोडीच्या फडावर पाणी आणि वेळ दोन्ही नसताना, किंवा मन खचल्यामुळे केसांकडे लक्ष राहिलं नाही, की गुंत्याची जट होते.

आणि मग कुणीतरी म्हणतं, देवी अंगात आली, जटेला हात लावू नको. बाई वर्षानुवर्षं ते ओझं वागवते. मान दुखते, डोक्याला खाज सुटते, उवा होतात, वास येतो म्हणून ती माणसांत बसत नाही. याच जटेमुळे कोवळ्या पोरींना देवीला सोडण्यात आलं. देवदासी प्रथा आपल्या राज्यात कायद्याने बंद आहे, पण भीती कायद्याने जात नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अनेक बायकांच्या जटा त्यांना समजावून, त्यांच्या मर्जीने कापल्या आहेत. केसात जीव नसतो. कापताना दुखत नाही, रक्त येत नाही. डोक्याला जखम असेल तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवा.

जट होऊच नये म्हणून काय करायचं? गुंता शेंड्यापासून सोडवायला घ्या. वरचा केस मुठीत धरा, खालचा भाग मोकळा करा, मग थोडं वर सरका. फणीचा ओढा मात्र नेहमी मुळाकडून शेंड्याकडे. ओला केस कमजोर असतो, म्हणून न्हाल्यावर रुंद दातांचा कंगवा घ्या. न्हाण्याआधी खोबरेल लावायची आपली जुनी रीतही चांगली. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल तपासलं. केसातलं प्रथिन कमी वाया जातं, असं फक्त खोबरेलाच्या बाबतीत आढळलं. ती कंपनी स्वतः खोबरेल विकते हेही ध्यानात ठेवा. पण घरातलं साधं खोबरेलही तेच काम करतं. महागडी बाटली लागत नाही.

मैत्रिणींनो, जट असलेल्या बाईला हसू नका आणि घाबरवूही नका. गटाच्या बैठकीत तिला जवळ बसवा आणि चिमटीतल्या केसाचा प्रयोग तिच्याच हाताने करून घ्या. केस का अडतो हे तिच्या बोटांना कळलं, की कात्री लावायची का नाही, हे तिचं तिला ठरवू द्या. आणि तिने हो म्हटलं, तर त्या दिवशी तिच्यासोबत आपल्यातल्या दोघी-चौघी असू द्या.