विदूषक मासा आणि समुद्रफूल

एखाद्या घरी खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा विदूषक मासा तुम्ही पाहिला असेल. तो ज्याच्या झुलत्या बोटांत निर्धास्त लोळतो, ते समुद्रफूल. नावाला फूल, पण आहे प्राणी! त्याच्या डंखाने लहान मासे लुळे पडतात. विदूषक माशाला मात्र त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर वाचवतो.

हौशी माणूस दोघांनाही एकाच दिवशी घरी आणतो आणि तिथेच घात होतो. मासा काटक, टाकीत तो समुद्रफुलावाचूनही सुखाने राहतो. समुद्रफुलाचे तसे नाही. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल नांदते, म्हणून प्रखर उजेड हवा. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार, २५-२६ अंश ऊब हवी, आणि टाकी कित्येक महिने मुरलेली हवी. जागा पटली नाही की स्वारी चक्क चालू लागते, पंपात सापडते, आणि कुजून सगळी टाकी नासवते.

आणि नीट सांभाळले तर? स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून डॅलिएल नावाच्या गृहस्थांनी १८२८ साली आणलेले एक समुद्रफूल (जात निराळी, बरे का) एडिंबरोत बरणीतल्या समुद्रजलात १८८७ पर्यंत जगले. धनी गेले, तरी इतरांनी ते सांभाळले. तेव्हा आधी नुसता मासा पाळा. समुद्रफुलाचे वर्षभराने बघू.