आधीच मारलेलं बरं

सल्ला केंद्रात बसलं की नवऱ्यांकडून एक वाक्य वरचेवर ऐकू येतं. ‘तिनं अजून काही केलं नव्हतं, पण उद्या डोक्यावर बसली असती, म्हणून आधीच हात उचलला.’ इराकवरच्या युद्धाबद्दल वाचताना मला हेच आठवत राहिलं.

१ जून २००२ रोजी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत बुश म्हणाले, धोका पूर्ण उभा राहीपर्यंत थांबलो तर फार उशीर झालेला असेल. मग धोका दाखवणं आलं. ५ फेब्रुवारी २००३ ला कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत एक इवलीशी बाटली उंचावून दाखवली, एवढ्याशा अँथ्रॅक्सनं काय होऊ शकतं ते सांगायला. २० मार्चला हल्ला सुरू झाला. आणि २००४ मध्ये अमेरिकेच्याच तपास पथकानं सांगितलं, तसल्या अस्त्रांचे साठे नव्हतेच.

चुकीची माहिती मिळाली, एवढंच का हे? मला नाही पटत. ब्रिटिश पंतप्रधानांच्या जुलै २००२ मधल्या बैठकीचं गुप्त टिपण पुढे फुटलं. वॉशिंग्टनमध्ये युद्ध ठरल्यातच जमा आहे आणि माहिती त्याला जुळवून घेतली जातेय, असं त्यात नोंदवलंय. म्हणजे निर्णय आधी, भीती मागाहून. सद्दाम क्रूर होताच, त्याची बाजू मी घेत नाही. पण तो दुबळाही झाला होता, झटपट जिंकता येईल असा. भीती खरी असती तर एवढा भरवसा कुठून आला असता?

शिवाय ११ सप्टेंबर २००१ नंतर कच खाल्लेलं दिसणं कुठल्याच पुढाऱ्याला परवडत नव्हतं. त्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी अध्यक्षांना युद्धाचे मोकळे अधिकार देणारा ठराव आला. प्रतिनिधीगृहात ४२० जण बाजूनं, विरोधात एकटी बार्बरा ली. तिला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. मर्दानगीची ही परीक्षा आपल्याला काही नवी नाही!

इराकी बायकांना मुक्त करू, हेही सांगितलं गेलं. त्यांचा १९५९ चा कौटुंबिक कायदा त्या भागात बराच पुढारलेला होता. डिसेंबर २००३ मध्ये, अमेरिकेनंच नेमलेल्या शासन परिषदेनं तो बाजूला सारून घरचे प्रश्न धर्माच्या कायद्याकडे सोपवायचा ठराव केला. बायका रस्त्यावर उतरल्या. फेब्रुवारी २००४ मध्ये ठराव मागे घ्यावा लागला. पण मागणी काही मेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये इराकच्या संसदेनं त्याच कायद्यात तसा बदल मंजूर केला, आणि तिथल्या बायका पुन्हा विरोधाला उभ्या राहिल्या.