नंदन आत गेला, वस्तीचं काय?

(कुंभकोणममध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



बदली होऊन कुंभकोणमला आलो, तेव्हा या मुलखातलं एकच नाव मला माहीत होतं, नंदनार. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. चोखोबा आपल्या मंगळवेढ्याचे, नंदन या कावेरीकाठचा.

बाराव्या शतकातल्या ‘पेरियपुराणा’त त्याची गोष्ट आहे. आदनूरचा हा अस्पृश्य शेतमजूर चिदंबरमच्या शिवाला ‘उद्या जाईन, उद्या जाईन’ म्हणत दिवस काढतो. शेवटी जातो, तर आधी आगीतून चालावं लागतं. बाहेर येतो तो जानवं घातलेला ब्राह्मण होऊन. मग दार उघडतं.

एकोणिसाव्या शतकात गोपालकृष्ण भारतींनी या गोष्टीत एक ब्राह्मण जमीनदार घातला. पुराणात तो नाही. नंदन रजा मागतो, तर जमीनदार सांगतो, आधी ४० वेली जमिनीचं काम उरक. म्हणजे अडीचशे एकरांहून जास्त! सहा डिसेंबरची रजा मागताना साहेबाचा चेहरा ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा जमीनदार लगेच ओळखू येईल.

कथाकालक्षेपातून ही गोष्ट गावोगाव पोचली. या कथाप्रकारावर तंजावरच्या मराठी कीर्तनाची छाप आहे. १९३५ साली बोलपट निघाला. नंदनची भूमिका करणाऱ्या के. बी. सुंदरांबाळ यांना एक लाख रुपये मिळाले. नंदन प्रसिद्ध झाला. पण नायक झाला का?

माझी कसोटी साधी आहे. गोष्ट संपल्यावर मागे राहिलेल्यांचं काय झालं? अण्णाभाऊंचा फकिरा (१९५९) दुष्काळात धान्य लुटतो ते उपाशी माणसांसाठी, आणि आपल्या माणसांना सरकारनं डांबल्यावर स्वतः हजर होतो. नंदन मात्र एकटाच आत गेला. वस्ती त्याच शेतात राबत राहिली. दोष नंदनचा नाही, गोष्ट तिथंच संपवणाऱ्यांचा आहे.

कुंभकोणममध्ये वाढलेले लेखक इंदिरा पार्थसारथी यांनी ‘नंदन कथै’ नाटकात तो शेवट बदलला. तिथं आगीतून कुणी ब्राह्मण बाहेर येत नाही. नंदन जळतो. याच लेखकानं कीळवेण्मणीवर कादंबरीही लिहिली. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या त्या गावात मजुरीवाढ मागणाऱ्या मजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला आणि ४४ दलितांना झोपडीत जाळलं. त्यात बहुतेक बायका-मुलं. तारीख २५ डिसेंबर १९६८. बरोबर ४१ वर्षांपूर्वी त्याच तारखेला महाडला मनुस्मृती जाळली होती. नंदनच्या गोष्टीला या आगीशी जोडलं, तेव्हा तो वस्तीचा झाला.

आता माझं सांगतो. नोकरी लागली तेव्हा वस्तीत माझा फ्लेक्स लागला. पोरं त्याच्याखाली फोटो काढत होती. शेजारची एक मुलगी म्हणाली, “दादा, बँकेचा फॉर्म कसा भरायचा?” मी म्हणालो, “उद्या सांगतो.” सत्कारात तो उद्या राहूनच गेला. मी इकडे रुजू झालो. फॉर्मची शेवटची तारीख निघून गेली.

त्या दिवशी मी प्रसिद्ध होतो, इतकंच.

तुमचेही फ्लेक्स लागले असतील. त्याखाली कोण उभं आहे ते बघा, आणि त्यांना आजच फोन करा.

जयभीम.